पिस्तुलाचा पिवळा दस्ता

आमच्या वडिलांच्या, तात्यांच्या, माघारी घरातल्या बाकी सगळ्याची वाटणी सरळ झाली, अडली ती एकच वस्तू. ती परवान्याशिवाय घरात ठेवली तर पोलीस धरणार आणि पिशवीत घालून बाहेर काढली तरी पोलीस धरणार. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, ठासणीचं पिस्तूल. नळीच्या तोंडातून बारूद आणि गोळी ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि देवाचं नाव घेऊन चाप ओढायचा, इतकं जुनं.

तात्या गेल्यावर माझ्या धाकट्या भावानं, बाळूनं, ते कायद्याप्रमाणे बारामतीतल्या बंदुकांच्या दुकानात जमा केलं. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये त्याचं पत्र मला रत्नागिरीला आलं. दुकानदार म्हणतो हे अस्सल नाही, जोडकाम आहे, मोडीत पंधराशे देतो. देऊन टाकू का? मी उलट टपाली कळवलं की मी मेच्या सुट्टीत येते आहे, तोवर त्या पिस्तुलाला हात लावलास तर बघ. मी शाळेत शिकवते, त्यामुळे धमकी द्यायची सवय आहे.

पंधराशेचं मला काही नव्हतं. पण 'अस्सल नाही' हे शब्द मी अठरा वर्षांपूर्वी एकदा ऐकले होते आणि त्यांनी माझं माहेर अर्धं नेलं होतं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि बाळू पाळण्यात. आम्हाला वाढवलं ते सोनाआत्यानं, तात्यांच्या धाकट्या बहिणीनं. माझ्या वेण्या तिनं घातल्या, उवा तिनं मारल्या, पहिली भाकरी थापायला तिनं शिकवली आणि ती करपल्यावर पाठीत धपाटाही तिनंच घातला. तिला दिलीही गावातच, पळसदेवातच, त्यामुळे सासरी जाऊनही ती दिवसातून दोनदा आमच्याकडे असायची. मग उजनी धरणाचं पाणी आलं आणि गाव उठलं. आत्याच्या सासरचे नव्या पळसदेवात राहिले, तात्यांनी बारामतीजवळ पिंपळीला जमीन घेतली. तिथल्या पहिल्याच दसऱ्याला आत्या खंडेनवमीच्या पूजेला आली. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. पिस्तुलावरचं फडकं काढलं आणि आत्या बघतच राहिली. आबांच्या पिस्तुलाचा दस्ता, लाकडी मूठ, काळाभोर होता, हा पिवळा. तिच्या लहानपणी त्या लोखंडावर इंग्रजी अक्षरं होती, ह्यावर एकही नाही. भरल्या घरात ती म्हणाली, की हे आबांचं नव्हे, आबांचं दादानं विकलं आणि हे बाजारातलं आणून ठेवलं. तात्या हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आत्या भरल्या ताटावरून उठून गेली. त्यानंतर दोघं बहीणभाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. तात्या गेले तेव्हा ती आली, अंगणात उभी राहिली आणि घोटभर पाणीही न पिता परत गेली.

म्हणून मला कळायला हवं होतं, की ते पिस्तूल अस्सल आहे की नाही. असेल तर तात्या खोटे नव्हते, आणि तसं असेल तर मी पळसदेवला जाऊन आत्याला हाताला धरून आणणार होते. पंचेचाळिशीतल्या बाईनं असं म्हणू नये, पण मला माझी आत्या परत हवी होती.

बारामती

रत्नागिरीचा उन्हाळा अंगाला चिकटतो, बारामतीचा अंगाला लागतो. स्टँडवर उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि हापूसच्या पेटीतला खालचा थर रस्त्यातच गळाला होता. गाडीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या धोतरावर केशरी डाग पडला. मी माफी मागायला लागले, तर त्यानं बोट लावून चाटलं आणि आंबा कुठला म्हणून विचारलं. मी त्याला दोन दिले.

पिंपळीला बाळूच्या बायकोनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि खर्डा वाढला. सत्तावीस वर्षं कोकणात भात खाऊन माझी जीभ पार मवाळ झाली आहे. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वहिनीला वाटलं मी तात्यांच्या आठवणीनं रडते आहे. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, कारण दुसऱ्या घासाला ते खरंच झालं. भिंतीला टेकून तात्या बसायचे ती जागा रिकामी होती आणि तिथे कोणी तरी साखर कारखान्याचं कॅलेंडर टांगलं होतं.

संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदार सभ्य माणूस. त्यानं मखमलीच्या तुकड्यावर पिस्तूल ठेवलं. हात-दीड हात लांब, आणि चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत. तो म्हणाला, "ताई, मी कारतुसाच्या बंदुका विकणारा माणूस. मला दिसतंय ते सांगतो. लोखंड एकाचं, लाकूड दुसऱ्याचं. नाव नाही, नंबर नाही. पण हे काम माझं नव्हं. सुप्याला एक हवालदार आहेत, फौजेत हत्यारांच्या दुरुस्तीला होते. ते म्हणतील ते मी मानीन."

सुपे

सुप्याकडे जाताना ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. कोकणात दहा पावलं चाललं की झाड आडवं येतं. इथे नजर टाकावी आणि ती परत येऊच नये. वडापच्या जीपमध्ये बाळू आणि मी धरून आम्ही पंधरा जण होतो, त्यात एक बकरी. वाटेत ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि हात दाखवला, तर लांब कुसळी गवतात तीन चिंकारा हरणं उभी. सगळी जीप एकदम गप्प झाली, बकरीसुद्धा. ह्याच माळांवर आबा मेंढरं घेऊन फिरायचे. पिस्तुलाचा परवाना त्यांना मिळाला तोही लांडग्यांपासून मेंढरं राखायला.

हवालदार बापूराव सत्तरीचे, मिशा पांढऱ्या आणि पायात अजून फौजेतल्यासारखे घट्ट बांधलेले बूट. दारापुढे खाटेवर बसून शिलाईमशीन उघडत होते. मी आमच्या घरची गोष्ट सांगायला लागले, की एक गोरा साहेब शिकारीला आला, वाट चुकला, आबांनी त्याला भाकरी घातली आणि त्यानं खुशीनं पिस्तूल दिलं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"बाई, ज्याच्या घरात जुनं हत्यार, त्याला त्ये सायबानंच दिलेलं आसतंय. समदे सायब भाकरी खाऊन मोकळ्या हातानं इलायतेला गेलं म्हना की. गोष्ट ऱ्हाऊ द्या. कागुद हाय का?"

मी तात्यांची परवान्याची वही काढली. आबांच्या वेळचा नंबर तिच्यात उतरवलेला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, मशीन झाकलं, पत्र्याच्या पेटीतून पेचकस काढले आणि आमच्याबरोबर निघाले. भाडं देऊ केलं तर रागावले. आंबे घेतले, पण एक खाऊन म्हणाले की गोड हाय खरं, पर आमच्या रायवळागत आंबट-गोड न्हाय. हापूसबद्दल असं बोलणारा माणूस रत्नागिरीत वाचला नसता.

दुकानात त्यांनी पिस्तूल हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. अस्सल की नक्कल हे ते तीन गोष्टींवरून ठरवतात, असं त्यांनी मला समजावलं. सगळे भाग एका हाताचे आहेत का, वरच्या कातडीला कोणी हात लावलाय का, आणि कागद जुळतो का. जुन्या लोखंडाची कातडी काळसर-तपकिरी असते, ती कधी घासायची नसते. "कुनी घासलं हे?" त्यांनी विचारलं. बाळू म्हणाला, दर खंडेनवमीला तात्या चिंच आणि राख लावून घासायचे, आबाही घासायचे. साठ-सत्तर वर्षं दरसाल एकदा. कारागिराचं नाव, नंबर, नक्षी, सगळं आम्ही भक्तिभावानं घासून टाकलं होतं.

मग त्यांनी घोड्याखालची लोखंडी पट्टी पेच काढून सोडवली आणि उलटी केली. आतली बाजू काळी होती, तिथे कोणाची चिंच पोचली नव्हती. चांगले कारागीर बाहेर ठोकतात तोच नंबर आतही ठोकतात, असं ते म्हणाले. त्यावर पातळ कागद ठेवून त्यांनी शिसपेन्सिल फिरवली आणि कागदावर हळूहळू आकडे उमटले. परवान्याची वही बाळूनं शेजारी धरली. चारही आकडे जुळले.

तात्या खोटे नव्हते. अठरा वर्षं खाली मान घालून बसलेला माझा बाप खोटा नव्हता, हे एका शिलाईमशीनवाल्यानं पाच मिनिटांत सांगितलं, आणि ऐकायला तो नव्हता.

"मग लाकूड?" दुकानदारानं विचारलं.

हवालदारांनी दस्ताही सोडवला. लाकूड बाभळीचं, गावच्या सुतारानं घडवलेलं. पण काम बघून ते खूश झाले. मूळचा दस्ता समोर ठेवून, त्याची रेघ न् रेघ बघून कोरलेला होता. आतल्या लोखंडाला मात्र खोल खड्डे पडलेले होते, फक्त लाकडाखालच्या भागाला. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्येला पानी कोन घालत हुतं?"

मी म्हटलं पाणी नाही. आणि ते म्हणतानाच मला आठवलं. जुन्या पळसदेवातलं आमचं घर, पाटावर हळदकुंकू लावलेलं पिस्तूल, कोयता, धनगरी काठी, आणि हातात पितळी तांब्या घेतलेली सोनाआत्या. हत्यारांना आंघोळ घालायचा मान घरच्या लेकीचा. बाकीच्यांना ती पाणी घालायची आणि पिस्तुलाला दूध. कोमट, म्हशीचं, पळीपळीनं. आबा गेल्यावर तर तांब्याभर. म्हणायची, आबाचा जीव हाय त्यात, त्याला कोरडं कसं ठिवायचं? मी शेजारी बसून ते दूध नळीवरून ओघळताना बघत असे. आईनं मला घातलेली आंघोळ मला आठवत नाही, पण ही आठवते.

"दूध," मी म्हटलं.

"मग दुधानंच मारलं," हवालदार म्हणाले. दूध लाकडाखाली शिरायचं, तिथेच सुकायचं आणि आंबायचं. लाकूड फुगायचं, सुकायचं, परत फुगायचं. पंधरा-वीस वर्षांत ते उभं तडकलं असणार, आत गंज धरला असणार. अक्रोडाचं विलायती लाकूड, त्याला आपलं कौतुक सोसलं नाही.

मग बाळू म्हणाला, की पिंपळीला आल्या आल्या तात्या सुताराच्या खोपटात सहा-सात दिवस जाऊन बसत होते. सुताराला सारखं सांगायचे, पहिल्यावानी झालं पायजे, सोनीला कळता कामा नये. बाळूला तेव्हा वाटलं होतं की तात्यांनी खरोखरच काहीतरी लपवलं आहे. म्हणून तो इतकी वर्षं हे कोणाला बोलला नव्हता.

किमतीचंही हवालदारांनी सरळ सांगून टाकलं. नाव, लाकूड आणि कातडी शाबूत असती तर शौकीन माणसानं पन्नास हजारही मोजले असते. आता दहा. त्याच्या वर सांगेल तोही लबाड आणि पाचाच्या खाली मागेल तोही लबाड. दुकानदारानं पंधराशेची गोष्ट परत काढली नाही.

मला हवा होता तो पुरावा आता माझ्या पर्समध्ये होता, आणि मला तो उचलवत नव्हता. तात्यांना खरं ठरवायचं, तर आत्याला सांगायला हवं होतं की त्या पिस्तुलाची वाट तूच लावलीस. जे सांगायचं नाही म्हणून तात्या अठरा वर्षं तिचा तो एक बोल सोसत बसले, ते मी सांगायला निघाले होते.

पळसदेव

भिगवणहून पळसदेवला जाणारी गाडी इंदापूरची होती. कंडक्टरनं पळसदेव म्हणून हाळी दिली तेव्हा मी जागीच होते, खिडकीतून मला गावाचा फाटा नीट दिसत होता. मी उठले नाही. गाडी सुटली आणि मी कंडक्टरला सांगितलं की डोळा लागला होता. त्यानं इंदापूरचं जादा तिकीट फाडलं.

इंदापूरच्या स्टँडवर मी दोन कप चहा प्याले आणि एक मोठं कलिंगड घेतलं, जे घेऊन कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं. काय सांगायचं ह्याची मी शाळेतल्यासारखी तयारी केली. नंबर जुळला एवढंच सांगायचं. लाकडाचं विचारलंच तर म्हणायचं, जुन्याला वाळवी लागली होती. एवढं खोटं चालतं. कलिंगड कडेवर घेऊन मी परतीच्या गाडीत बसले.

मे महिना असल्यामुळे उजनीचं पाणी खूप मागे गेलं होतं. जुन्या देवळाचा दगडी भाग चिखलातून वर आला होता आणि त्याच्या अलीकडे, जिथे आमची आळी होती तिथे, कोणी तरी गाळात भुईमूग केला होता. मला वाटलं होतं मी आमचं घर ओळखेन. नाही ओळखता आलं. एक बाई जाळं सुकवत होती, तिनं आत्याचं घर दाखवलं.

आत्या अंगणात मासे साफ करत होती. पासष्टीची झाली आहे, केस सगळे पांढरे, पण बसायची ढब तीच, एक गुडघा उभा. तिनं वर बघितलं, विळीवरचा हात थांबला.

"सुमे, वाळलीस," ती म्हणाली. "कोकनात खायाला घालत न्हाईत व्हय?"

अठरा वर्षांनी माझ्याशी बोलली ते हेच पहिलं वाक्य. मी कलिंगड खाली ठेवलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिच्या हातांना मासळीचा वास होता म्हणून ती हात बाजूला धरून बसली, मिठी मारली नाही. पण हललीही नाही.

तिनं चिलापी तळली. मी रत्नागिरीची, धरणाच्या माशाला नाक मुरडायची मला खोड. तीन तुकडे खाल्ले आणि चौथा मागून घेतला. जेवण होईपर्यंत तिनं काही विचारलं नाही. मग मी कागद काढला. आत्याला वाचता येत नाही, पण आकड्यांचा आकार कळतो. वहीतला आकडा आणि कागदावरचा आकडा मी शेजारी शेजारी ठेवले, हवालदार कोण, पट्टी कशी काढली, सगळं सांगितलं. तिनं ते मला तीनदा सांगायला लावलं. मग दोन्ही आकड्यांवर तिनं बोट ठेवलं.

"म्हंजी आबाचंच हाय."

"आबांचंच आहे, आत्या. तात्यांनी विकलं नव्हतं."

"मग लाकूड का बदललं?"

मी ठरवलेलं सांगितलं. वाळवी लागली होती.

तिनं माझ्याकडे लहानपणी भाकरी करपल्यावर टाकायची तशी नजर टाकली. "घोंगडीत गुंडाळून, लिंबाचा पाला घालून आढ्याला टांगलेलं आसायचं त्ये. त्येला वाळवी? कुनाला सांगतीस?"

मी खाली बघितलं. मी वर्गात साठ पोरांना गप्प बसवते, पण ह्या बाईपुढे मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. ती पुढे काही विचारेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं विचारलं नाही. कागद बाजूला ठेवला, हात मांडीवर ठेवले, आणि तिच्या बोटांची मला ओळखीची हालचाल झाली, पळी कलती करावी तशी.

"दादा म्हनायचा," ती हळू म्हणाली, "सोने, दूध नगं घालू, लाकूड हाय त्ये. दरसाल म्हनायचा. मी ऐकलं न्हाय."

मी वही मिटली आणि तेवढ्यानं तिला उत्तर मिळालं. ती रडली नाही. पदरानं तोंड पुसलं, उठून आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो न पिताच खाली ठेवला. मी म्हटलं, पिस्तूल विकायचं की बाळूच्या नावावर परवाना मागायचा ते तू सांग, आम्ही तसं करू. "मला इचारतीस?" ती म्हणाली. मग म्हणाली, "ठिवा. पन दूध घालू नगा."

मी तिला पिंपळीला चल म्हणाले. तिनं मान हलवली. तितं आता कोन हाय, म्हणाली. बाळू आहे, वहिनी आहे, मी आठवडाभर आहे, असं मी मोजून सांगितलं. ती ऐकत होती, पण ती ज्याच्याबद्दल विचारत होती तो त्यात नव्हता.

गाडीची वेळ झाली तेव्हा ती फाट्यापर्यंत आली. लांबून गाडी दिसायला लागल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"शेवटाला आजारी हुता, तवा त्यानं माजं नाव काडलं का गं?"

मी हो म्हणू शकले असते. तात्यांचे शेवटचे बावीस दिवस मी त्यांच्या उशाशी होते. त्यांनी आबांचं नाव घेतलं, माझ्या आईचं घेतलं, एका मेंढीचंसुद्धा घेतलं. पण मघाशीच एक खोटं पकडलं गेलं होतं, दुसरं बोलायची मला ताकद नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

गाडी थांबली. आत्यानं माझं मनगट सोडलं नाही. तिचा चेहरा मला वाटलं होतं तसा पडला नाही, उलट कितीतरी वर्षांची गाठ सुटावी तसा सैल झाला.

"न्हाईच काडायचा," ती म्हणाली. "काडलं आसतं, तर दुधाचं सांगावं लागलं आसतं त्येला."